उजव्या दिव्याचा जाब

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला पोस्टाच्या खिडकीवर बसून तिकिटं विकत होतो. फोन सौंसरहून, तिच्या शेजारच्या बाईंचा. त्या रडत होत्या, मी रडलो नाही. त्या क्षणी मनात जे आलं ते सांगायची खरं तर लाज वाटायला हवी, पण मला वाटत नाही. मनात आलं, आता तो माणूस सुटला. महिना होऊन गेला, दिवस झाले, लोक भेटून गेले, तरी माझा राग तसूभर उतरलेला नाही. तेव्हा माझ्याकडून गोड लेखाची अपेक्षा ठेवू नका. कमलताई माझी मोठी बहीण, सौंसरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि ती स्वतःही काही गोड नव्हती.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, वसंतराव, मात्र गोड होते. त्यांनी नागपूरहून एक जुनी मोटार आणली होती आणि तिचं सगळं ते घरीच करत. त्यांचा एक नियम होता, एक दिवा गेलेली गाडी दिवस मावळताना रस्त्यावर काढायची नाही. त्या दिवशी मोटारीचा उजवा दिवा गेला होता, म्हणून रामाकोन्याला ते स्कूटरनं गेले. परतताना सांज झाली होती. आमच्याकडचे रस्ते तेव्हा एका गाडीपुरते डांबरी. समोरून जीप किंवा ट्रक आला की स्कूटरवाल्यानं मुकाट्यानं खाली मुरमावर उतरायचं. मोटारसायकल आली तर उतरायची गरज नाही, दोघंही डांबरावरून निघून जातात. भाऊजींना समोर एकच दिवा दिसला. त्यांनी डांबर सोडलं नाही... ती जीप होती. तिचा उजवा दिवा बंद होता.

हे आम्हाला कसं कळलं? भाऊजी दवाखान्यात तासभर जिवंत होते. ताईला एवढंच म्हणाले, "एकच लाइट होता वो." पण दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला तेव्हा जीपचे दोन्ही दिवे लख्ख पेटत होते. मडगार्ड चेपलेलं, दिवे शाबूत. जे दिसलं ते लिहिलं गेलं आणि चूक स्कूटरवाल्याची ठरली. जीप चालवणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. संत्र्याचे बगीचे असलेला वजनदार माणूस, सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणेन. भाऊसाहेब ताईला भेटायला आले, हात जोडून म्हणाले, "बाई, दोन्ही लाइट चालू होते. देवाची मर्जी."  ते गेल्यावर ताई मला म्हणाली, "मले याच्याकडून पैसा नाही पाह्यजे, जेल नाही पाह्यजे. यानं फक्त चार लोकात म्हणावं, का लाइट बंद होता." त्यानंतर ती जितकी वर्षं जगली, तितकी वर्षं तिला दुसरं काही नको होतं.

मला हवं होतं. एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या जीपचे दोन्ही दिवे दगडानं फोडले आणि मोठी मोहीम फत्ते केल्यासारखा ताईला सांगायला गेलो. ती पोरींच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "फोडले तं तो दुसरे लावन. त्याले तेच तं येते." इतका अपमान मला वडिलांच्या मारानंही वाटला नव्हता.

पाच-सहा महिन्यांनी तिनं भाऊजींची मोटार चालू करायचं ठरवलं. गाडी चालवायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती. मिस्त्रीला बोलवू म्हटलं तर नको म्हणाली. नागपूरहून नवा दिवा आणवला. त्या गाड्यांचा दिवा सीलबंद जातीचा, आतला बल्ब वेगळा निघत नाही, काचेसकट आख्खा दिवा बदलावा लागतो. तिनं आधी बॅटरीची वायर सोडली. बाहेरची रिंग काढली, आतले तीन स्क्रू एका वाटीत ठेवले, जुना दिवा पुढे ओढून त्याच्या मागचा प्लग काढला. प्लगला हिरवी बुरशी चढली होती, ती रेगमाल कागदानं घासून काढली. भाऊजी कसे करत ते तिनं नुसतं पाहिलं होतं, पण तिच्या हाताला सगळं पाठ होतं. दिवा बसवला, वायर जोडली, भिंतीपासून मोजून आठ पावलांवर गाडी उभी केली, आणि दोन्ही झोत भिंतीवर एका उंचीला पडेपर्यंत ती स्क्रू पिळत राहिली. मी आपला बाजूला उभा. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ताई, काळं लावाचं राहिलं न."

तेव्हा समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्याच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग लावलेला असे. आमच्या भागात बिनकाळ्या दिव्याची गाडी मी पाहिलेली नाही. नवा दिवा अर्थातच स्वच्छ काचेचा येतो, रंग ज्याचा त्यानं द्यायचा. ताईच्या हातातला पेचकस तसाच राहिला. ती घरात गेली आणि केसच्या कामी काढलेल्या जीपच्या फोटोची जी प्रत तिनं मागून घेतली होती ती घेऊन आली. डावा दिवा अर्धा काळा. उजवा दिवा लख्ख, नवाकोरा. पंचनाम्याआधी घाईघाईनं दिवा बदलला, पण घाईत रंग लावायचं राहून गेलं... इतके दिवस तो फोटो आम्ही रोज पाहत होतो. ताई अंगणातच खाली बसली आणि त्या अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तिनं अर्ज केला. केस बंद झाली होती, आणि नुसत्या एका रंगावरून ती पुन्हा उघडणार नव्हती. मग ताईनं स्वतःच केस चालवायला घेतली. भाऊसाहेब दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जात. ताई शनिवारची शाळा सुटली की मोटार घेऊन तिथं जायची आणि त्यांच्या जीपच्या नाकासमोर आपली गाडी उभी करायची, भर उन्हात दोन्ही दिवे लावून. पहिल्या शनिवारी मी सोबत होतो. भाऊसाहेब नारळ घेऊन बाहेर आले तसा तिनं फोटो पुढे धरला.

"भाऊसाहेब, उजव्या लाइटले काळं काऊन नाही?"

"ऊन पडलं असंन काचीवर. काय करून राहिल्या बाई तुम्ही देवाच्या दारात?"

"विचारून राहिली. बंद होता का नाही, एवढंच सांगा."

"कोर्टात जा!" म्हणून ते जीपमध्ये बसले. पण समोर ताईची गाडी उभी, आणि ताईला कसली घाई नव्हती.

त्यांनी शनिवार सोडून मंगळवार धरला, ताईनं मंगळवारची अर्ध्या दिवसाची रजा धरली. त्यांनी जीप विकून दुसरी घेतली, ताई दुसरीसमोर उभी राहिली. लोक आधी हसले, मग तिला वेडी म्हणू लागले, मग हळूहळू तेही बंद झालं. ट्रकवाले तिला पाहून आपले दिवे तपासून घेऊ लागले. कुणी समजवायला आलं की ती म्हणायची, "मी काही भांडून राहिली का? लाइट लावून बसली फक्त." शेवटी भाऊसाहेबांनी जामसांवलीच सोडली. ज्या माणसानं आधी कधी एक शनिवार चुकवला नव्हता त्याला ताईनं त्याच्या देवापासून तोडलं. हे मला फार आवडलं होतं, आजही आवडतं.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. शेवटच्या आठवड्यात भाऊसाहेब आले. खोलीत ती, मी आणि ते. त्यांनी खाटेजवळ खाली बसून डोकं टेकलं. "ताई, बंद होता लाइट. चार दिवसापासून बंद होता. माफ करून टाका."

ताईचा आवाज खोल गेला होता. "इथं नोका सांगू. चार लोकात सांगा."

"आता या वयात... माह्या पोरांचं तोंड पाहा."

 तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते उठून जाईपर्यंत वळली नाही. पाच दिवसांनी ती गेली.

तेरवीला भाऊसाहेब आले. मोटार बाहेर काढून तिच्या शेडमध्ये पंगत मांडली होती, ते मधोमध बसले. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. अर्धं जेवण झालं असेल, भाऊसाहेब घसा खाकरून शेजाऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठ्या मनाची बाई. जाता जाता मले माफ करून गेली." दोन-चार जणांनी माना हलवल्या. मी त्यांच्या पानासमोर उभा राहिलो.

"कायची माफी, भाऊसाहेब?"

ते वर पाहू लागले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. पंगतीचे हात थांबले होते. "तेच... जुनं..." म्हणाले.

"जुनं म्हणजे? लाइट तं चालूच होता न?"

आमच्याकडे तेरवीच्या पंगतीतून मध्येच कोणी उठत नाही. सगळ्यांचं होईस्तोवर बसावं लागतं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पानाकडे. मग अगदी हळू बोलले, "बंद होता." टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय म्हणाले? त्यांना पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं, की त्या खोलीत मी होतो आणि ताईनं यांना माफ केलेलं नाही. इथंही तेच सांगतो आहे. भाऊसाहेब मान खाली घालून बसून राहिले, शेजारचा थोडा सरकून बसला, आणि मी त्यांच्या पानावर वरण वाढून पुढे गेलो. अजून भाताची फेरी व्हायची होती, बुंदीची व्हायची होती, आणि त्या दिवशी मी पंगत फार सावकाश वाढली.