आबाचं उघडं तोंड

"हे कपडे नको मामा. रोजचे घाला, मेंढरांमागचे."

आमचे प्रकल्पाचे सर माझ्या बापाला सांगत होते. पोरीच्या कॉलेजात जायचं म्हणून आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. वेरूळच्या पलीकडं आमचं गाव. तिथून काळीपिवळी जीपमधून, कोकरू मांडीवर घेऊन. सरांनी शिपायाकडून मळकं धोतर आणि घोंगडी मागवली. गॅदरिंगच्या नाटकातली असावीत. आबानं पार्किंगच्या भिंतीआड कपडे बदलले. मी बघत उभी होते.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचा प्रकल्प मातीविना शेतीचा. कॉलेजच्या मागं छोटं पॉलीहाऊस. पाइपातून खताचं पाणी फिरायचं आणि त्यावर पालक, लेट्यूस वाढायचं. पाणी किती तापलं, खत किती उरलं, हे सेन्सर मोजायचे, मोबाइलवर दाखवायचे, पंप आपोआप चालू-बंद व्हायचा. तो सगळा प्रोग्राम मी लिहिला होता. शहरातल्या छावणी भागात, भाड्याच्या खोलीत, इंग्रजी व्हिडिओ मागं-पुढं करत. शब्द अडला की थांबायचं, अर्थ शोधायचा, परत पहिल्यापासून बघायचं.

माझा जोडीदार ओजस. त्याच्या घरात पणजोबापासून सगळे शिकलेले. त्यानं पोस्टर केलं. वाईट नव्हता. सगळं आयतं मिळायचं, आणि का मिळतं हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही.

कॉलेजला प्रवेशाच्या जाहिरातीसाठी फिल्म करायची होती. सर म्हणाले, तुझे वडील धनगर ना, बोलाव त्यांना, एखादं कोकरू आणायला सांग. मला आनंद झाला होता. वाटलं, मी काय केलंय ते आबाला दाखवतील. आबालाही तेच वाटलं.

पॉलीहाऊसच्या दाराबाहेर शूटिंग सुरू झालं. ओजसच्या अंगात पांढरा कोट, हातात मोबाइल. तो आबाला तंत्रज्ञान समजावणार. मला ड्रेसवरून लुगडं गुंडाळायला लावलं, कोकरू हातात दिलं आणि मागं उभं केलं.

सर आबाला म्हणाले, "मोबाइल पहिल्यांदाच बघताय असं तोंड करा."

आबा हसला. त्याला ती चेष्टा वाटली. आजारी मेंढीचा फोटो सिल्लोडच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवणारा माणूस तो. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. सर म्हणाले, अजून. त्यानं अजून उघडलं. पोरीच्या मार्कांसाठी उघडलेलं तोंड.

ते झाल्यावर आबा हळूच म्हणाला, "साहेब, पोरीनं केलेलं आत जाऊन बघू का?"

सरांनी त्याच्या पायांकडं बघितलं. "आत नको मामा. स्वच्छता लागते तिथं."

स्वतः सर कॅमेरावाल्याला घेऊन आत्ताच बुटांसकट आत जाऊन आले होते. ओजस मोबाइल बघत राहिला.

आता माझी पाळी. मी कॅमेऱ्यात बघून म्हणायचं होतं, ओजसदादामुळे माझ्या आबालासुद्धा शेतीतलं विज्ञान कळलं. मी कोकरू खाली सोडलं.

"हे मी बोलणार नाय. प्रोग्राम मी लिहिलाय."

सर जवळ आले. आवाज चढवला नाही. इंटर्नल मार्क कुणाच्या हातात आहेत, एवढंच विचारलं.

मी लुगडं सोडून खुर्चीवर टाकलं. आबाचा हात धरला. तो मागं ओढत होता. "ऱ्हाऊ दे पोरी, मार्क जातील." मी म्हटलं, जाऊ दे. आणि पॉलीहाऊसचं दार उघडलं.

आत आबा पाइपाजवळ हात मागं बांधून उभा राहिला. मी रोप उचलून मुळ्या दाखवल्या. पांढऱ्या, ओल्या, लांब. त्यानं हात लावला नाही. ज्या हातांनी रात्री-अपरात्री मेंढ्यांची बाळंतपणं केली, त्या हातांना घाण समजून तो लपवत होता. अर्ध्या दिवसात एवढं शिकवलं होतं त्याला या लोकांनी. मीच हात ओढून मुळ्यांवर ठेवला. तोवर मला लाज वाटत होती. तिथं लाज संपली, राग आला. तो अजून गेला नाही.

मार्क गेले. कशीबशी पास झाले. फिल्म निघाली, आबाच्या उघड्या तोंडासकट. ती काढून टाका म्हणून सरांकडं कितीदा गेले. काढली नाही.

आज मी एका आयटीआयमध्ये कंत्राटावर शिकवते. प्रत्येक धडा मोबाइलवर रेकॉर्ड करते. सेन्सर कसा जोडायचा, पाण्यात खत किती घालायचं, सगळं आमच्या बोलीत. ज्या पोरीनं काम केलं, तीच व्हिडिओत बोलते. खेड्यातल्या पोरी ते घरी परत परत बघतात आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून मलाच अडवतात.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. पोरींनी केलेला प्रकल्प बघायला पाहुणे येणार आहेत. मुलींनी दारात ओवाळणीचं ताट धरावं, माहिती दोन चुणचुणीत मुलं देतील. मी म्हटलं, वायरिंग पोरींनी केलंय, त्याच सांगतील. ते म्हणाले, त्यांची भाषा शुद्ध नाही.

"मग पाहुण्यांना म्हणावं, नीट कान देऊन ऐका."

माझं कंत्राट जूनमध्ये संपतं, याची त्यांनी आठवण करून दिली. संपू दे. माझ्या एकाही पोरीच्या हातात ताट जाणार नाय.