दत्तोबांचा चकचकीत जुना माल

थेरगावात डांगे चौकाच्या मागे एक मोकळं मैदान आहे. विकास आराखड्यात ते मंडईसाठी राखून ठेवलंय. मंडई यायची आहे तेव्हा येईल; तोवर दर रविवारी सकाळी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. स्टोव्ह, कंदील, अडकित्ते, टाइपरायटर, बैलांच्या घुंगरमाळा, काटे हरवलेली घड्याळं आणि घड्याळं हरवलेले काटे, असं सगळं जमिनीवर चादरी पसरून मांडलेलं असतं. गिऱ्हाईक वाकतं, वस्तू उचलतं, उलटी करून बघतं, किंमत विचारतं, दचकतं आणि परत ठेवतं. या बाजाराचा मुख्य व्यवहार हाच. विक्री अधूनमधून होते.

इथेच भिंतीकडेच्या कोपऱ्यात दत्तोबा बसायचे. मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. त्यांच्या पट्टीतली शेती पुढे कारखान्यांत गेली. दत्तोबा शेतीच्याही आधी तिकडे गेले होते. भोसरीच्या एका कंपनीत त्यांनी टूलरूमला फिटर म्हणून उभी हयात काढली. टूलरूम म्हणजे कंपनीला लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात तो विभाग. तिथली माणसं स्वतःला कंपनीचे जावई समजतात, आणि कंपनीही त्यांचं जावयासारखंच करते, म्हणजे वर्षातून एकदा टॉवेल देते.

धातू कापला की कडेला जी बारीक खरखर राहते तिला कंपनीत ‘बर’ म्हणतात. दत्तोबांचा उजवा अंगठा आयुष्यभर ही बर शोधत फिरला. दत्तोबा निवृत्त झाले, पण अंगठ्याला ते कुणी कळवलं नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाच्या पाइपवर अंगठा, मग पंगतीतल्या वाटीवर. पुतणीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेली समई त्यांनी कडेवरून नापास केली आणि अक्षता पडायच्या आत पॉलिश पेपर कुठे मिळेल याची चौकशी केली. व्याही अजून त्यांच्यासमोर पाणी प्यायचं तर स्टीलचा पेला टाळून कागदी घेतात.

निवृत्तीनंतर गावाकडे फेऱ्या वाढल्या. तिकडे जुनी घरं पडत होती, शेड उभ्या राहत होत्या आणि घराघरातली पितळ-तांब्याची भांडी वजनावर जात होती. दत्तोबांना ते बघवेना. ते एकेक वस्तू उचलून घरी आणू लागले. बाल्कनी भरली, पलंगाखालची जागा भरली, आणि एके दिवशी रतनबाईंना पीठ मळायला ओट्यावर जागा उरली नाही.

“अवो,” त्या म्हणाल्या, “कंपनीनं मोडीत काढलेल्या मानसानं मोडीतलंच सामान आनायचं म्हंजी मी कुठं ऱ्हायाचं?”

म्हणून दत्तोबा रविवारच्या बाजारात येऊन बसले आणि तिथे त्यांना एक गोष्ट सापडली जिचा त्यांनी शोधही घेतला नव्हता. गेटवर कार्ड दाखवायचं नाही, शिफ्ट नाही, सुपरवायझर नाही. चादर आपली, माल आपला. “ह्या चादरीपुरता मालक मी,” असं ते कुणालाही सांगत. न विचारणाऱ्यालाही सांगत. विक्री झाली नाही तरी दुपारी ताठ मानेने घरी जात, आणि रतनबाई म्हणत, “आलं शेठ!”

मग एका रविवारी मैदानाच्या फाटकावर नोटीस लागली. बाजार सार्वजनिक जागेवर, तोही परवानगीशिवाय भरतो, हे आता वरपर्यंत गेलं होतं. चौकातल्या भांड्यांच्या दुकानदाराने, रणजीतने, हरकत घेतली होती: जुन्याच्या नावाखाली हे लोक नवा माल विकतात, भाडं नाही, कर नाही. महापालिकेच्या कार्यालयाने मात्र बाजार न उठवता या मैदानापुरतं ‘जुन्या वस्तूंचं विक्री क्षेत्र’ आखायचं ठरवलं. पुढच्या रविवारी पाहणी. जो अटींत बसेल त्याच्यासाठी जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखून मिळणार. अटी दोनच होत्या. मोडका, गंजका, तेलकट माल म्हणजे भंगार. तो इथे चालणार नाही. आणि नवा माल चालणार नाही.

बाजाराचा पुढारी बिरू. पितळी भांडी आणि कंदील विकतो, आणि आवाजाला सायलेन्सर नाही. त्याने नोटीस मोठ्याने वाचली. पहिल्या अटीला सगळ्यांचे चेहरे पडले. दुसरीला लोक हसले. आपल्यापाशी नवं असतं, तर आपण इथे कशाला बसलो असतो?

त्या आठवड्यात बाजारातल्या मंडळींनी तयारी केली. बिरूने कंदिलांवर पाणी मारलं. एकाने गंजकी हत्यारं चादरीखाली सरकवली आणि चादरीला आलेल्या उंचवट्यावर स्वतः बसायचं ठरवलं. सरकारी पाहणीला एवढं पुरतं, असा सर्वांचा अनुभव होता.

दत्तोबांना असले अनुभव नव्हते. त्यांनी नोटीस कंपनीतल्या मापांच्या ड्रॉइंगसारखी वाचली. मोडकं चालणार नाही म्हणजे चालणार नाही. शेजारच्या वर्कशॉपमधून त्यांनी बफिंगची, म्हणजे घासून चकाकी आणायची, मोटार आणली, बाल्कनीत बसवली, आणि आठवडाभर त्या इमारतीत कुणाला दुपारची झोप लागली नाही. स्टोव्हची टाकी ठोकून गोल केली. अडकित्त्याची खीळ नवी घातली. तराजूच्या दांडीवरचा मळ, घागरीवरचे पोचे, डब्यांवरचे डाग, सगळं गेलं. आणि भांड्यांवरची नावंही गेली.

आपल्याकडे भांडं द्यायचं तर त्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेतात. कुणी कुणाला, कशानिमित्त, कोणत्या साली. दत्तोबांच्या अंगठ्याला ती टिंबं टोचत. शिवाय त्यांचा हिशेब साधा होता: दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कोण घरी नेईल?

त्यातलं एक घंगाळ, अंघोळीचं पाणी काढायचं मोठं तांब्याचं, खास होतं. इंद्रायणी नावाची एक बाई, चाकणकडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, मागच्या रविवारी त्यापाशी थबकली होती. तिच्या माहेरचं घर पडलं तेव्हा भांडी कुणीतरी परस्पर विकली होती, आणि घंगाळाच्या काठावर तिच्या आजीचं नाव होतं. “काका, मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते. कुणाला देऊ नका.” दत्तोबांनी ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत मन लावून घासलं. तिच्यासाठी स्पेशल.

पाहणीला कार्यालयातून तेजस्विनी मॅडम आल्या. तरुण, टोपी घातलेल्या, हातात मोजपट्टी. मागे रंगाचा डबा घेतलेला कामगार, आणि त्याच्याही मागे, रस्त्याने सहज चालल्यासारखा, रणजीत. मॅडमनी पाणी मारलेले कंदील बघितले आणि चौकोन आखायला सांगितला. उंचवट्यावर बसलेल्या माणसाकडे बघून त्या जरा थांबल्या. त्यांनाही उन्हाचं पुढे जायचं होतं. असं करत त्या कोपऱ्यात आल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. दत्तोबांच्या चादरीवरून ऊन परत येत होतं.

“काका, हे काय आहे?”

“जुना माल, म्याडम.”

“हा स्टोव्ह जुना आहे?”

“माझ्या लग्नाच्या आधीचा.”

“अगदी नवा वाटतोय.”

“वाटनारच!” दत्तोबा फुलले. मागून बिरूने डोळा मारला. दत्तोबांनी त्याला उलट डोळा मारला.

“म्हणजे हा पूर्वीच्या स्टोव्हसारखा नवीन बनवलाय?”

“बनवलाय म्हंजी, हातानं बनवलाय. मशिनवर असा पीस येतच न्हाई.”

“आणि या घागरी?”

“येकीला पोचा दावा, निम्मी किंमत कमी करतो.”

“दत्तोबा, राव,” बिरू कुजबुजला, म्हणजे अर्ध्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलला, “थोडं वाईट सांगा की मालाला!”

“वाईट? का? बघून घ्या म्हनावं. बोट फिरवा, म्याडम, फिरवा. लागतंय का काई?”

मॅडमनी बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. रणजीत पुढे आला. “बघा मॅडम, मी म्हणत होतो ना? माझ्या दुकानात याच्यापेक्षा जुना माल आहे.”

दत्तोबा त्याच्याकडे वळून नम्रपणे म्हणाले, “तुमच्या मालाला फिनिशिंग न्हाई, भाऊ.”

मॅडमना हसू आलं, पण त्या कामाच्या माणसासारख्या बोलल्या. “काका, मला कागदावर लिहावं लागतं की हे जुनं आहे. कशावरून लिहू? कंपनीचा शिक्का, साल, कुणाचं नाव, काहीतरी दाखवा.”

आता दत्तोबांच्या लक्षात आलं. ते भराभरा भांडी उलटी करू लागले. तांब्या, पातेलं, डबा. कुठेही काही उरलं नव्हतं. घासताना एखादी जागा त्यांच्या हातून सुटली असं कधी झालंच नव्हतं.

तेवढ्यात इंद्रायणी आली. गाडी बाहेर लावून, हातात ओढणीची चुंबळ करून, भांडं उचलायच्या तयारीनेच. दत्तोबांचा जीव भांड्यात पडला. “म्याडम, ह्या बाई सांगतील. विचारा ह्यास्नी. इंद्रायणीबाई, तुमचं घंगाळ जुनं का नवं?”

“जुनं. कुठंय?”

घंगाळ तिच्या समोरच होतं. तिने त्याच्यावरून नजर फिरवली, शेजारच्या घागरीवरून फिरवली, परत दत्तोबांकडे बघितलं. “विकलंत का, काका?”

“आवो, ह्येच की!”

ती खाली बसली. काठावरून बोट फिरवत पूर्ण गोल गेली, मग उलट्या बाजूने परत आली. “इथं आजीचं नाव होतं.”

“काढलं. टोचत होतं.”

इंद्रायणी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कड्या धरून तिने घंगाळ थोडं उचललं आणि खाली ठेवलं. “असेलही हेच,” ती म्हणाली. “पण काका, मला कसं कळणार?” आणि चुंबळ सोडून ओढणी खांद्यावर घेत ती गेली.

  दत्तोबा चादरीवर बसून राहिले. मग उठले, मॅडमपाशी गेले. “म्याडम, तुमचं बरोबर हाय. ह्यो नवाच माल हाय. लिवा तसं.”

रणजीत जिंकला होता, पण त्यालाही ते नीट घेता आलं नाही. तो फोनवर बोलत बोलत निघून गेला. फोन आला नव्हता.

बाकीच्यांनी मॅडमना घेरलं. या माणसाला बाहेर काढू नका. मॅडमनी नियम चाळला. विक्री क्षेत्राच्या कडेला दुरुस्ती करणाऱ्यांसाठी जागा ठेवता येते, चांभार, चावीवाले यांच्यासारखी. माल विकायचा नाही, फक्त काम करायचं. “आखू का, काका?”

“नगं. दुसऱ्याचं काम करून करूनच म्हातारा झालो. हितं मालक व्हायला आलो व्हतो.” आणि दत्तोबांनी चादर गुंडाळली.

घरी त्यांनी रतनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली. “त्या पोरीचं काय चुकलं वो? माझ्या मायनं दिल्याली कळशी तुमी घासली, तवापास्नं मी तिच्यात पानी भरत न्हाई. कधी ध्यानात आलं का तुमच्या?”

आलं नव्हतं. कळशी रिकामी का असते हे दत्तोबांनी कधी विचारलंच नव्हतं. ती उत्तम दिसते एवढंच ते बघत आले होते.

दोन-तीन रविवार ते फिरकले नाहीत. मग एका सकाळी कडेच्या जागेवर येऊन बसले. चादर नाही, माल नाही; एक ऐरण, हातोड्या आणि खडू. पद्धत त्यांनीच काढली. वस्तू आणणाऱ्याने जिथे हात लावायचा नाही तिथे खडूने खूण करायची, बाकीचं दत्तोबांचं. बिरूने कंदिलाच्या काजळीभोवती एवढा मोठा गोल काढला की दत्तोबांनी “काजळीबी विकतो का?” म्हणून विचारलं. “राव, तीच तर विकतो,” बिरू म्हणाला.

घंगाळ दत्तोबांनी इंद्रायणीच्या घरी नेऊन पोचवलं होतं. तिने ते ठेवून घेतलं. ओळखलं का, ते दत्तोबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण एका रविवारी ती स्वतःच आली, पिशवीतून एक तांब्या काढला. आजीचाच, त्या विक्रीतून वाचलेला. काळा पडलेला, वाकडा, टिंबाटिंबांनी भरलेला, आणि पोटाला गळणारं एक भोक.

दत्तोबांनी खडू पुढे केला. इंद्रायणीने तांब्या गुडघ्यांत धरला आणि खडू फिरवायला लागली. काठ, गळा, पोट. सगळा तांब्या पांढरा झाला. उरलं ते फक्त भोक.

दत्तोबांनी तांब्या हातात घेतला, भोक बुजवलं, पाणी घालून बघितलं. मग फडक्याने खडू पुसला. अंगठा काठाकडे निघाला होता, तो त्यांनी वळवून मुठीत घेतला. तरी तोंडाने राहवलं नाही.

“आतनं थोडी चिंच लावू?”

“नको.”

“भाईरनं?”

“नको, काका.”

“बुडाला तरी? बुड कोन बघतंय?”

इंद्रायणीने तांब्या उलटा करून बघितला. जरा विचार केला.

“बुडाला लावा,” ती म्हणाली. “पण मी समोर बसते.”