साचेखात्यानं निवडलेला कर्णा

आमच्या भजनी मंडळात माणसं पाच. चौघं मिलच्या साचेखात्यातली आणि पाचवा मी, महापालिकेच्या शाळेतला मास्तर आणि मंडळाचा पेटीवाला. साचेखातं म्हणजे जिथं कापड विणतात ते खातं. एका छपराखाली शेकडो माग एकदम खटखटत असतात. तिथं कुणी तोंडानं बोलायच्या भानगडीत पडत नाही, हातवारे करायचे आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. वीस-वीस वर्षं असं काढलेली ही माणसं घरी आली की बायकोशीसुद्धा ओरडूनच बोलत. भवानी पेठेत आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

आमचा गाणारा म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. त्यानं लग्न केलं नव्हतं, दारू-तंबाखूला शिवला नव्हता. पाळी सुटली की आंघोळ करायची आणि ज्या घरी बोलावलं असेल तिथं भजनाला बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य. बारसं असो, वास्तुशांत असो की कुणाचं तेरावं, अण्णा सगळीकडं सारखाच जीव ओतून गायचा. मिलमध्ये तो हजेरीपटावरचा एक नंबर होता आणि भजनात माणूस होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यानं एकच तक्रार धरली. आवाज पोचत नाही. आवाज बसला, उतरला, गिरणीतल्या कापसानं खाल्ला. मग ज्येष्ठमध चघळणं आलं, हळदमिठाच्या गुळण्या आल्या. एवढं करून तो गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडून गायचा. मी पेटीवर सूर धरावा आणि यानं त्याच्या वर कुठंतरी चढून बसावं. मृदंगवाला आणि दोघं टाळकरी तल्लीन होऊन माना डोलवायचे. ऐकणारी माणसं मात्र एकमेकांकडं बघायला लागली होती, आणि आमंत्रणं दुसऱ्या मंडळांना जायला लागली होती.

त्या मंडळांकडं लाउडस्पीकर आहे म्हणून ती आमंत्रणं जातात, असं अण्णानं ठरवून टाकलं. आपल्यालाही घ्यायचा, सायकलीला बांधून नेता येईल असा लहान, आणि बॅटरीवर चालणारा, कारण चाळीतल्या विजेचा काही भरवसा नसतो. एका रविवारी आम्ही पाचही जण नव्या पेठेतल्या दुकानात जाऊन उभे राहिलो.

दुकानदार म्हातारा, दखनी बोलणारा, कामाचा जाणकार होता. किती माणसांत गाता, खोली केवढी, हे त्यानं आधी विचारून घेतलं आणि ट्रंकेएवढा एक सेट काढला. आत अँप्लिफायर, झाकणातच स्पीकर, सोबत एक माईक. मी माईकवर दोन ओळी म्हटल्या. माझा सुमार आवाजसुद्धा अक्षर न् अक्षर सुटा होऊन बाहेर आला. मी खूश होऊन मागं वळलो तर चौघं तसेच उभे.

“चालू केला का न्हाय अजून?” मृदंगवाल्यानं विचारलं.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी माईक खाली ठेवला. मग त्यानं दुसरा माल काढला. वेगळा अँप्लिफायर, मोटारीची बॅटरी आणि लग्नाच्या मांडवावर बांधतात तसला पत्र्याचा कर्णा, आकारानं थोडा लहान इतकंच. अण्णा त्यावर गायला. माझ्या कानाच्या पडद्याला झिणझिण्या आल्या, रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिचकला, आणि अण्णाचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दोन वर्षांनी त्याला त्याचं गाणं ऐकू आलं होतं. गळा ठणठणीत होता. कान गेले होते, त्याचेच नव्हे, चौघांचेही.

दुकानदार म्हणत होता, “इत्ती सी खोली में ये नक्को, भाई.” मी त्याची बाजू घ्यायला हवी होती. पण घेतली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मास्तर म्हणून पोरांच्या चुका तांबड्या शाईनं दाखवणारा मी, भावापुढं भेकडासारखा गप्प राहिलो. लबाडीला मी प्रेम म्हणत होतो. आम्ही कर्णा घेऊन घरी आलो.

पहिलंच बोलावणं तेराव्याचं आलं. साचेखात्यातलाच एक तरणा पोरगा तापानं गेला होता. दुपारची वेळ, एक खोली, भिंतीला टेकून त्याची आई बसलेली. कर्णा बाहेर अंगणात, तोंड रस्त्याकडं करून बांधायचा, माईकच्या समोर येऊ द्यायचा नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. तसा बांधलाही. पण बाहेर गेलेला आवाज आमच्या चौघांना ऐकू येईना. मग टाळकऱ्यानं उठून कर्णा खिडकीच्या गजाला बांधला, तोंड आत, आमच्याकडं. तेव्हाही मी हाताची घडी घालून बघत बसलो.

दुसऱ्या कडव्याला शिट्टी सुरू झाली. माईकचा आवाज कर्ण्यात, कर्ण्याचा परत माईकमध्ये, आणि त्यातून निघणारी बारीक, टोकदार, जिवाला खाणारी शिट्टी. बायकांनी कानांवर पदर दाबले. पोरं रडायला लागली. अण्णा डोळे मिटून गात होता. मृदंगवाला डोलत होता, टाळ वाजत होते. मागांनी त्यांच्या कानांतले बारीक आवाज आधीच खाल्ले होते; घरभर किंचाळणारी ती शिट्टी त्या चौघांपुरती नव्हतीच. मी अँप्लिफायरचं बटण फिरवायला पेटीवरून उठेपर्यंत ती आई उठली होती. तिनं अण्णाच्या खांद्याला धरून हलवलं.

“शिट्टी वाजतीया कवापास्नं,” ती म्हणाली. “कळंना का तुमास्नी? माज्या लेकराचं तेरावं हाय ह्ये.”

ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. अण्णानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग कानांवर हात धरलेल्या बायकांकडं, मग इतर तिघांकडं. ते तिघं त्याच्याकडंच बघत होते, भजन का थांबलं म्हणून. शेवटी तो माझ्याकडं वळला. मी मान खाली घातली, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. मी बटण बंद केलं. आम्ही माईकशिवाय आरती म्हटली, अण्णानं नुसते ओठ हलवले.

परत येताना कर्णा सायकलीला बांधला होता आणि सायकल मी ढकलत होतो. अण्णा शेजारून चालत होता. मंगळवार बाजाराच्या कोपऱ्यावर थांबला.

“तुला दुकानातच कळलं हुतं?”

मी मोठ्यानं व्हय म्हणालो.

“आन मी सूर सोडून गातुय, ते?”

ते दोन वर्षांपासून, असं मी सांगितलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

“दोन वर्सं,” तो म्हणाला. “दोन वर्सं लोक हसत हुते, आन तू शेजारी बसून पेटी वाजवत हुतास.”

त्यानंतर अण्णा कुठंही गायला नाही. पण ते पुढचं. त्या वेळी रस्त्यात मी पुटपुटलो, “अण्णा, चुकलं माझं. माफ कर.”

“काय?” तो म्हणाला आणि कान पुढं केला.

बाजार सुटत होता, माणसं जात-येत होती, त्यांत माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप होते. तेच शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचे तर ओरडून म्हणावे लागले असते. मी मानेनंच काही नाही असं सांगितलं आणि सायकल ढकलायला लागलो.