ताराक्काचा तांब्या

वृद्धाश्रमात नोकरी केलेल्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात! सत्तरच्या दशकात माधवनगरच्या रस्त्याला आमचा आश्रम होता. मोठ्या खोल्या भरून म्हातारी माणसं आणि बघायला आम्ही दोघीच. मी सिस्टर, शांताबाई आया. तेव्हा हसायचो, आता आठवलं की जीव तुटतो.

सकाळी मी ताप बघायला निघायची. मधेच कुणी घसरून पडायचं, कुणाला उलटी व्हायची, की धावले तिकडे. फौजेतून रिटायर झालेले कडेगावचे सुभेदार आबा थर्मामीटर तोंडात धरून बिचारे वाट बघत बसायचे. एकदा त्यांनी तो स्वतःच काढून माझ्या हातात दिला.

"आवं सिस्टर, ह्यो ताप आजचा का कालचा?"

आमच्यापर्यंत हाक पोचत नाही म्हणून आबांनीच गावाकडून बैलांच्या घंटा आणवल्या. खाटेखाटेला एकेक बांधली. पहिल्याच दिवशी सगळ्या एकदम वाजल्या! शांताबाई अंगणातून ओरडली, "आवं, आज बैलपोळा हाय का काय?" सगळे पोट धरून हसले. पण धावणाऱ्या आम्ही दोघीच. हळूहळू घंटा वाजायच्याच बंद झाल्या. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

तिसरी बाई द्या म्हणून आम्ही ट्रस्टींच्या मागे लागलो होतो. साहेब पाहणीला आले ते नेमके जेवणाच्या वेळी. शांताबाईनं खाटेवर पडून असणाऱ्या ताराक्काच्या भाताची वाटी सरळ त्यांच्या हातात दिली. "जरा भरवा सायेब, आलेच!" ताराक्काला घास गिळायला वेळ लागायचा. साहेब घामाघूम. "एका माणसाला एवढा वेळ लागतो?" म्हणाले. म्हटलं, आली तिसरी बाई!

पुढच्या आठवड्यात आश्रमात भिंतीवरचं घड्याळ आलं. टोल देणारं!

या ताराक्काला सारखा ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, "पाणी पीत नाहीत म्हणून हा त्रास. असंच चाललं तर वाचायच्या नाहीत." उशाशी तांब्या भरून ठेवला, तर संध्याकाळी तसाच. रागावलं की हसायची, "तहानच न्हाई गं." संडास अंगणापलीकडे, आणि तिला न्यायला दोघी लागायच्या.

एकदा शांताबाई रजेवर होती. त्या दिवशी ताराक्काचा मुलगा आला. मिलिटरीत हवालदार, सुट्टी संपवून परत निघालेला. गुऱ्हाळावरून किटलीभर उसाचा रस घेऊन आला. आक्काचा चेहरा असा फुलला! पेला ओठाला लावला आणि तसाच खाली घेतला.

"पी की आये!"

"शांताबाई न्हाई रं आज. सिस्टर एकटीच हाय."

"मी हाय न्हवं? मी नेतो तुला उचलून."

ताराक्कानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "तू दुपारच्या यष्टीनं जाशील, बाळा."

आणि पेला त्याच्या हातात दिला. "तूच पी. लांब जायाचंय तुला."