ह्यांचे शब्द

लग्न होऊन मी उरणला आले तेव्हा हे मीठखात्यात कारकून होते. मिठाच्या कायद्याची चळवळ नुकतीच निवली होती, कचेरीत काम फार असायचं. तरी संध्याकाळी घरी आले की हात-पाय धुऊन हे शब्द करायला बसायचे. कविता करायला बसायचे असं मी म्हणत नाही. कविता पुष्कळ लोक करत. हे आधी शब्द करायचे आणि मग त्यांना बसायला जागा शोधायचे.

सासरे पुराणिक होते. त्यांनी ह्यांना लहानपणी संस्कृतातले चित्रबंध दाखवले होते. कमळाच्या पाकळ्यांत अक्षरं बसवलेली, आणि त्या क्रमानं वाचलं की श्लोक जुळायचा. ह्यांना तसंच काही मराठीत करायचं होतं, पण कमळ नको होतं. ह्यांनी मिठागर घेतलं. कागदावर मिठागरासारख्या चौकटी आखायच्या, एकेका चौकटीत एक अक्षर. आडवं वाचलं तर एक ओळ, उभं वाचलं तर दुसरी. माझं अक्षर वळणदार म्हणून स्वच्छ प्रत मी करायची.

चौकटीत बसणारा शब्द भाषेत सापडला नाही की हे नवा घडवायचे. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात डोळ्यांवर येते ती झापड म्हणजे 'खारझोप'. ओहोटीनंतर चिखलात मागे राहिलेलं पाणी म्हणजे 'मागुळ'. कुठला तुकडा कुठून घेतला, कुठला टाकला, हे मला समजावून सांगायचे आणि वर विचारायचे, "लागला ना अर्थ?" मला लागायचा. स्वयंपाक करताना कधी कधी मीच तो शब्द वापरून जायची, तेव्हा ह्यांना फार बरं वाटायचं.

ह्यांचे एक कॉलेजातले मित्र गिरगावात मासिक चालवायचे. मुंबईहून मोरा बंदरात येणाऱ्या लाँचनं ते अधूनमधून आमच्याकडे यायचे, दोन दिवस राहायचे, आणि जाताना कविता घेऊन जायचे. छापून आल्या की कुणी नावं ठेवायचं, कुणी थट्टा करायचं. ह्यांना त्याचं काही वाटत नसे.

एके दिवशी सकाळी हे कचेरीत जायला निघाले होते. कोट अंगात घालता घालता मला म्हणाले, "उस्मळ दे."

मला वाटलं, नवीन शब्द. मी हसून विचारलं, "म्हणजे काय हो?"

"उस्मळ," हे पुन्हा म्हणाले. मग जरा चिडून, "लव्हेर सानगुट, पिसती. पिसती नको का?"

ह्यांचा उजवा हात कोटाच्या बाहीत अर्धाच गेला होता आणि तो पुढे जात नव्हता. तोंड एका बाजूला उतरलं होतं. मी ह्यांना धरून खाली बसवलं आणि शेजारच्यांना हाक मारली.

दवाखान्यातले डॉक्टर आले. अर्धांगाचा झटका आहे म्हणाले. हात थोडाफार सुधारेल, पाय सुधारेल, वाचेचं सांगता येत नाही. "मेंदूत शब्दांची जागा असते, तिथंच घाव बसलाय. त्यांना वाटतं आपण बरोबर बोलतोय. तुम्ही बोलता तेही त्यांना पुरतं समजत नसेल."

मी "बरं" म्हटलं. डॉक्टरांना चहा केला. मला रडू आलं नाही, आणि रात्र पडली, दुसरा दिवस उजाडला तरी आलं नाही. आतून कुणी काही उचलून नेल्यासारखं रिकामं वाटत होतं, आणि त्या रिकामपणात कामं मात्र नीट होत होती.

हे बोलायचे पुष्कळ. अडखळत नव्हते. मराठीचाच हेल, मराठीच्याच विनवण्या, पण शब्द कुठलेच नव्हते. सुरुवातीला मी अर्थ शोधायची, मला सवयच होती. 'पिसती' म्हणजे पाणी असेल म्हणून पेला पुढे केला, तर हे प्यायले. दुसऱ्या दिवशी 'पिसती' म्हणाले म्हणून पाणी दिलं, तर पेला ढकलून दिला. ह्यांना चादर हवी होती. तिसऱ्या दिवशी तोच शब्द दाराबद्दल. मग मी शब्द ऐकणं सोडलं आणि ह्यांची नजर कुठं जाते तेवढं बघू लागले.

मित्र भेटायला आले ते महिन्याभरानं. ह्यांचा डावा हात हातात घेऊन बसले. ह्यांना त्यांना पाहून आनंद झाला, तो दिसत होता. हे बोलत राहिले, आणि मित्रांनी खिशातून पेन्सिल काढून लिहून घ्यायला सुरुवात केली.

स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते मला म्हणाले, "वहिनी, हा अजून लिहितोय. आजवर अर्थाला धरून होता, आता त्यानं अर्थ सोडलाय."

"भाऊजी, त्यांना तहान लागली असेल."

ते मग म्हणाले, "दोन्ही असू शकेल. छापू का?"

मी म्हटलं, "छापा." नको म्हणायला काहीतरी वाटावं लागतं.

अंक आला. पानभर अक्षरं वरून खाली सांडल्यासारखी मांडली होती, उजवी बाजू कोरी. मी ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी पान पाहिलं, बोटानं कागद चाचपला आणि बाजूला सारला. त्यानंतर मुंबईहून माणसं येऊ लागली. कुणी प्राध्यापक, कुणी चित्रकार. ह्यांच्यापुढे सतरंजीवर बसायची, ऐकायची, आपसात हलक्या आवाजात बोलायची. मी सगळ्यांना पोहे करून घालायची. त्यांच्यात वाईट कुणी नव्हतं.

पावसाळा सरून लाँच पुन्हा सुरू झाल्यावर मित्रांनी गिरगावात एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. डॉक्टर म्हणाले, प्रवास झेपेल. मी ह्यांना धुतलेला कोट घातला आणि नेलं.

व्यासपीठावर एकच खुर्ची होती. हे बसले. समोर बरीच माणसं, आणि सगळी चिडीचूप. ह्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि बोलायला लागले, अगदी घरी बोलायचे तसे, समजावून सांगितल्यासारखे. मध्येच थांबून समोरच्यांना प्रश्न केला. उत्तर आलं नाही. पुन्हा तोच प्रश्न केला, आवाज चढवून. तेव्हा टाळ्या पडल्या.

हे दचकले. डाव्या हातानं कान झाकायला गेले आणि रडू लागले. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.

मी वर गेले. ह्यांच्या धोतराचा काठ खुर्चीच्या पायाखाली अडकला होता, तो सोडवला, आणि ह्यांना धरून खाली आणलं. मित्र बाहेर आले, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, माझं चुकलं," म्हणाले. मी म्हटलं, "उद्याची लाँच किती वाजता सुटते, तेवढं बघून या."

ते स्वतः आम्हाला मोऱ्यापर्यंत सोडायला आले. हे वाटेत झोपले होते. त्यानंतर पाहुणे यायचे बंद झाले. मित्र तेवढे येत राहिले, पण पेन्सिल काढत नसत. ह्यांच्याशी पत्ते खेळायचे. पत्ते ह्यांना समजायचे.

पुढे 'हो' आणि 'नको' हे दोन शब्द ह्यांना परत सापडले. पुष्कळदा उलटे पडायचे, पण मला पुरायचे. पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत दुसरा झटका आला, त्यात हे गेले.

वर्षानं मित्रांनी पुस्तक काढायचं ठरवलं. ह्यांच्या चौकटींच्या कवितांच्या प्रती माझ्याकडे होत्या, त्या मी दिल्या. पुस्तकात त्या मागे गेल्या आणि आजारातलं बोलणं पुढे आलं. लोकांना तेच हवं होतं, असं मित्र म्हणाले, आणि ते खरं असावं. अजून कुणी शोधत माझ्यापर्यंत येतं आणि अर्थ विचारतं. मागच्या पानांवरचे शब्द मी सांगते, कुठून आले तेही सांगते. पुढच्यांचं मला माहीत नाही, एवढंच सांगते.

मला मुलींच्या शाळेत काम मिळालं. पहिलीच्या वर्गाकडून अक्षर गिरवून घ्यायचं. ते काम मला जमलं.