हृदयाच्या झडपेसाठी न्यू जर्सीहून हैदराबाद, आणि पुढे केनवड

या लेखात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला हृदयशस्त्रक्रिया हवी असेल आणि हाताशी पुरेसा विमा नसेल, तर त्याने त्यासाठी भारतात यावे, आणि हा निर्णय भावनेची मदत न घेता, केवळ विचाराने घेता येतो. पुरावा म्हणून माझा धाकटा भाऊ मिलिंद याचा या हिवाळ्यातला प्रवास मांडते. हैदराबादपासून पुढे मी त्याच्यासोबत होते. वाशीमच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यामुळे विधान आधी आणि हकीकत नंतर, हा क्रम माझ्याकडून मोडत नाही. वाचकांनी तो चालवून घ्यावा.

मिलिंद एकसष्ट वर्षांचा आहे. पस्तीस वर्षे न्यू जर्सीत एका लहान कारखान्यातील यंत्रांची देखभाल करत होता. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी नोकरीनिमित्त त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते. मागच्या वर्षी कारखाना बंद पडला आणि नोकरीबरोबर विमाही गेला. वयस्करांना मिळणाऱ्या तिथल्या सरकारी विम्याला अजून चार वर्षे अवकाश होता. नेमके त्याच वेळी त्याला जिना चढताना धाप लागू लागली. हृदयातून मुख्य धमनीत रक्त सोडणारी झडप आखडली आहे, ती बदलावी लागेल, असे निदान झाले. तिथल्या रुग्णालयाने सांगितलेला आकडा त्याने मला फोनवर वाचून दाखवला, तेव्हा शून्ये मोजण्यात त्याची गफलत झाली असावी असे वाटून मी तो पुन्हा वाचायला लावला. गफलत नव्हती. मी हैदराबाद सुचवले: खर्च तिथल्या मानाने अगदी थोडा, शल्यविशारद अनुभवी, आणि वाशीमहून थेट रेल्वे असल्याने सोबतीला मी. तो म्हणाला, "बरं, ताई. येतो."

इतक्या लवकर त्याने माझे कधीच ऐकले नव्हते. तरुणपणी त्याला आमच्या गावी, केनवडला, शेती करायची होती आणि त्याने परदेशी जावे हे मी त्याला पटवले होते. तो वाद दोन महिने चालला होता. या वेळी एक फोन पुरला. त्याचे श्रेय मी माझ्या युक्तिवादाला दिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी वाशीम स्थानकावर संध्याकाळच्या गाडीत बसले. सोबत चुलतभाऊ भानुदास होता. केनवडचे आमचे चार एकर तोच कसतो. रुग्णालयाने रक्तदाता आणायला सांगितले होते, आणि दिवसभर धावपळ करायला एक दणकट माणूस लागतोच. जाणाऱ्यांनी आरक्षण महिनाभर आधी करावे आणि परतीच्या प्रवासात रुग्णासाठी खालचा बर्थ नक्की असल्याची खात्री करून घ्यावी. माझ्याकडे प्रश्नांची चार पानी यादी होती. पूर्णा स्थानक येईपर्यंत ती मी दुसऱ्यांदा वाचत होते.

"ताई, हे समदं त्या डाक्टरले इचारशीन का तू?"

"विचारणारच."

"मंग आपरेशन मिलिंदाचं नाई, त्याचंच होनार हाय," असे म्हणून भानुदासने भाकरी आणि मिरचीच्या ठेच्याचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मिलिंद चाकाच्या खुर्चीतून बाहेर आला. तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवासाची लेखी परवानगी दिली होती. ती असल्याशिवाय कोणी निघू नये. खुर्चीमागे कर्मचाऱ्याने ढकललेल्या दोन अवजड बॅगा. मुक्कामाच्या खोलीवर मी एक उघडली. आत गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते, फांद्या छाटायची कात्री होती, डोक्याला बांधायचा दिवा होता. एक बूट मी हातात घेऊन त्याचे वजन अजमावले आणि इस्पितळात जाणाऱ्या माणसाने हे कशासाठी आणले असे विचारले.

"तिकडं ठेवून काय करू?" तो म्हणाला.

उत्तर प्रश्नाला धरून नव्हते, हे माझ्या ध्यानात आले होते. प्रवासाने थकला असेल म्हणून मी ते सोडून दिले.

खोली रुग्णालयासमोरच्या गल्लीत, दिवसाला चौदाशे रुपये, शेगडीसह. शेगडी असलेलीच खोली घ्यावी, कारण शस्त्रक्रियेनंतर कमी मिठाचा स्वयंपाक बाहेर मिळत नाही. नातेवाइकांचे मात्र इडली आणि पेसरट्टूवर, म्हणजे मुगाच्या डोशावर, उत्तम भागते. तीन दिवसांत भानुदासने पेसरट्टूची तुलना घरच्या धिरड्याशी करून निकाल धिरड्याच्या बाजूने दिला आणि तरीही रोज दोन खाल्ले.

रुग्णालयात मिलिंदची नोंद परदेशी रुग्णांच्या खिडकीवर झाली. तिथला दर निराळा. मी हरकत घेतली: माणूस केनवडचा, जन्म केनवडचा, मग दर कोणत्या तत्त्वावर बदलतो? खिडकीतला गृहस्थ शांत होता. "मॅडम, पासपोर्ट बाहर का है, तो रेट भी बाहर का है." माझे सगळे मुद्दे त्याने ऐकले आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारले. या प्रवासातला हा एकच वाद मी उघडपणे हरले. अर्थात तो निराळा दरही अमेरिकेतल्या आकड्यापुढे किरकोळ होता, म्हणून मूळ विधानाला बाध येत नाही.

परदेशी रुग्णाला दुभाषी मिळते. आमच्या वाट्याला एक उत्साही हैदराबादी मुलगी आली.

"सर, आपको हिंदी समझती?"

"हव," मिलिंद म्हणाला.

"हौ?"

"हव."

तिला इतके हसू आले की अमेरिकेचा पेशंट हैदराबादी 'हौ' बोलतो हे सांगायला ती परिचारिकांना घेऊन आली. पस्तीस वर्षांत त्याची वऱ्हाडी जराही उतरली नव्हती. वाशीममध्ये राहून माझी कधीच गेली.

आता मुख्य प्रश्न. शल्यविशारद बाईंनी दोन पर्याय समोर ठेवले. धातूची झडप जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागते. तिचा डोस ठरवायला रक्त वारंवार तपासावे लागते, पालेभाज्या मोजून खाव्या लागतात, आणि जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. गाईच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला हे काही लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांनी ती झिजू शकते आणि पुन्हा बदलावी लागते. मिलिंदच्या वयाला दोन्ही चालतील, निवड त्याने करावी, असे त्या म्हणाल्या. मी यादीतले बावीस प्रश्न विचारले. मिलिंदने दोनच विचारले: मेथी रोज खाल्ली तर चालेल का, आणि विळ्याने बोट कापले तर काय होईल. दुसरा प्रश्न ऐकून बाई हसल्या. मला तो काल्पनिक उदाहरणासारखा वाटला.

खोलीवर मी कागदावर युक्तिवाद मांडला. एक: छाती दुसऱ्यांदा उघडणे टाळावे. दोन: धातूची झडप ते टाळते. तीन: तिला लागणारी रक्ततपासणी मिलिंद जिथे राहतो तिथे कोपऱ्यावर होते. म्हणून धातूची. आणखी एक मुद्दा कागदावर लिहिला नाही. झडप झिजेल तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन, किंवा नसेन; मग त्या खिडकीपुढे त्याच्या बाजूने कोण उभे राहणार?

मिलिंदने कागद नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला. "लय बरोबर लिवलं, ताई. पन मले ते दुसरी पाह्यजे. गाईची."

"कारण?"

"कारन नाई."

"कारणाशिवाय निष्कर्ष नसतो, मिलिंद."

"असते," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. भानुदास खालच्या आवाजात म्हणाला, "मंग आता याले रोज सरकीची ढेप चारा लागन." पांघरुणाखालून हसण्याचा आवाज आला. मला हसू आले नाही. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरते बोलले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आठला त्याला आत नेले. माझ्या हातात वर्तमानपत्र होते. एकाच बातमीचे पहिले वाक्य मी दुपारपर्यंत वाचत राहिले. शेजारी भानुदासचे ओठ हलत होते, त्रिसरण चालले होते. रक्त देऊन आल्यामुळे त्याच्या दंडाला पट्टी होती. सव्वा वाजता बाई बाहेर आल्या. मास्क खाली करण्याआधीच त्यांच्या डोळ्यांवरून कळले. भानुदासने त्यांना वाकून नमस्कार केला. मी पहिल्यांदाच प्रश्न न विचारता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढल्यावर पाच मिनिटे भेटू दिले. मिलिंदचे पहिले शब्द असे: "भान्या, हरभऱ्याले पानी देल्लं का?"

"देल्लं ना. तू नीज."

मी हा भुलीचा परिणाम मानला.

पुढचे दोन आठवडे उपयोगी माहितीचे. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. वजन उचलायचे नाही, बादलीसुद्धा नाही. फुप्फुसांसाठी आत तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेले एक यंत्र देतात. श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. मिलिंदची एक गोळी कशीबशी हलायची. भानुदासने एका दमात तिन्ही चढवल्या आणि वॉर्डभर हिंडून ते सांगितले. ईर्ष्येने मिलिंद दहाव्या दिवशी दोनवर आला. परत निघताना स्थानकावर त्याने एका जिन्याएवढ्या पायऱ्या स्वतः चढून दाखवल्या, धाप न लागता.

वाशीमला माझ्या घरी आठ दिवस काढल्यावर त्याने केनवडचा हट्ट धरला. रिसोडमार्गे भाड्याची गाडी केली. खड्डे मोजत, वेग बेताचा. मी दिवाळीपासून गावी गेले नव्हते. भानुदासच दर वेळी काही कारण सांगून वाशीमला येई. गाडी अंगणात थांबली तेव्हा जुन्या खोलीशेजारी एक नवी खोली होती. गिलावा ताजा, खिडकीला जाळी, आत पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आणि आधाराला भिंतीत कठडा. शेजारच्या वच्छलाकाकू दारात आल्या.

"आला का रे मिलिंदा? दिवाळीपासून वाट पाहून राह्यलो आमी." मग माझ्याकडे वळून, "काहून व बाई, अशी काहून पाहून राह्यली? तुले मालूम नाई का हा राह्याले आला म्हनून?"

गावात मी सोडून सगळ्यांना मालूम होते. मी मिलिंदला विचारले, मला का सांगितले नाही.

"तुले सांगतलं असतं तं तू खोडून काढलं असतं. मांगच्या बारीनं दोन महिन्यात काढलं. आता माह्याजवळ दम नोयता." तो ओट्यावर बसला. "मी तं घरी याले निंगालो होतो, ताई. आपरेशन वाटेत लागलं."

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. मग तो न लिहिलेला मुद्दा तोंडून निघालाच. झडप झिजल्यावर मी नसेन, असे मी म्हणाले.

"राह्यशीन ना. नाई तं त्या खिडकीवाल्यासंग कोन भांडन?"

दुपारी तुरीच्या हिरव्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी आणि मेथीची भाजी होती. त्याने मेथी दोनदा मागून घेतली, आणि मी मोजली नाही.

याला तीन महिने झाले. मिलिंद सकाळ-संध्याकाळ गमबूट घालून वावरात जातो. भानुदास त्याला अजून टोपलेही उचलू देत नाही. मी वाशीमला माझ्या घरी आहे आणि दर रविवारी केनवडला जाते, हिशेबात नसलेला प्रवास म्हणून. सुरुवातीचे विधान सिद्ध झाले असे मी मानते. फक्त ज्याच्याबद्दल ते सिद्ध केले, तो त्या विधानासाठी आला नव्हता.

कबुली: तिसऱ्या मुद्द्यातले 'मिलिंद जिथे राहतो तिथे' हे शब्द मी त्याला न विचारता लिहिले. त्याआधी त्याचा गमबूट मी स्वतःच्या हाताने तोलून पाहिला होता.

शकुंतला इंगोले
वाशीम