रिकाम्या जागेवरची उडी

माझी बैठक वाईट होती. बेचाळिसाव्या वर्षी घोडेस्वारी शिकायला निघालेल्या बाईची आणखी कशी असणार? पण मी हट्टी. अंजूर गावाच्या बाजूला एका जमीनमालकांनी गोदामांमागच्या मोकळ्या जागेत पाच-सहा घोडे पाळले होते. बँकेत जाण्याआधी मी रोज तिथे जायचे आणि एका तांबड्या घोड्यावर बसून शिकवणाऱ्या सरांची बोलणी खायचे.

सर लष्करातून निवृत्त झालेले. उडीला दोन ढांगा उरल्या की मी पुढे झुकायचे, पोटऱ्या आवळायचे आणि तोंडातल्या तोंडात "हं, आता!" म्हणायचे. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोडा तालात चालवायच्या-वळवायच्या कवायतीतही तेच. वळण यायच्या आधीच माझं अंग वळायचं. सर ओरडायचे, "मॅडम, उडी घोडा मारणार आहे, तुम्ही नाही. त्याला समोरची आडवी काठी दिसतेय. तुम्ही फक्त गप्प बसा!"

मी मनावर घेतलं. घरी टीव्हीसमोर ताठ बसून सराव करायचे, मुलगी खो-खो हसायची. दीड महिन्यात मी खोगिरावर पाटावर बसल्यासारखी स्थिर बसायला लागले. सर पहिल्यांदा "शाब्बास" म्हणाले, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

त्याच आठवड्यात घोडा बिघडला. वळणावर कठड्याला घासायला लागला, आडव्या काठ्यांत सरळ घुसायला लागला. मग एका सकाळी मैदानाच्या मधोमध, समोर काहीही नसताना, त्याने अंग गोळा केलं आणि उडी मारली. उंच, सुरेख उडी, पुढचे पाय नीट दुमडून. खाली नुसती माती होती. मी त्याच्या मानेवर आदळले. गोदामात कुठेतरी कंटेनर मागे घेत होते, त्याचा तेवढा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तिथेच उडी मारली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"बाय, त्याला तिथं काय तरी दिसतंय," घोड्यांची देखभाल करणारे काका म्हणाले. "आपल्याला न्हाय दिसत." त्यांनी त्या जागी नारळ फोडला. आमच्या घरात असल्या गोष्टी कुणीच मानत नाही. तरी मी त्या जागेला वळसा घालून चालायला लागले, हे कबूल करते.

मालकांनी मात्र सांगून टाकलं, "ह्यो सुधारला न्हाय तर वरातवाल्याला देऊन टाकू." फटाके, डीजे आणि पाठीवर नवरदेव! मला ते सहनच होईना. त्याला वाचवायचं म्हणून मी चाबूक हातात घेतला. काठी पाडली की खाली उतरून, त्याच्यासमोर जाऊन एक फटका. चार दिवस. फटका बसला की तो थांबायचा आणि माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत राहायचा. डोळे अगदी स्वच्छ. मी दर वेळी मागे वळून पाहायचे. मागे कुणी नसायचं.

पाचव्या दिवशी काठ्या लावताना मला खुणा सापडल्या. तो जिथे उडी मारायचा, तिथे मातीत खांबांचे जुने खळगे होते. काठी तिथून कधीच हलवली होती; तो जुन्या जागच्या काठीवरून आठवणीने उडी मारत होता. मी त्याच्या डोळ्यापाशी हात नेला, झटकन. पापणी हलली नाही.

जनावरांचे डॉक्टर त्याच दिवशी आले. दोन्ही डोळे गेलेले होते, बहुतेक बऱ्याच महिन्यांपूर्वी. "मग इतके दिवस हा उड्या कशा मारत होता?" त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं झुकणं, आवळणं, पुटपुटणं यावर तो उड्या मारत होता. मी ते सगळं मेहनतीने काढून टाकलं होतं.

 मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला हितंच. आंधल्याला कुठं धाडायचा?" मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

डोळे पुसून, गुळाचा खडा घेऊन मी तबेल्याकडे निघाले. हातात चाबूक नव्हता. आत तो काकांच्या हातून निवांत चारा खात होता. मी एक शब्दही बोलले नाही, फक्त चालत गेले. मी दाराशी पोचायच्या आधीच त्याचं चघळणं थांबलं. कान माझ्या पावलांकडे वळले. मग तो एकेक पाऊल मागे सरकत गेला, भिंतीला टेकला आणि थरथरत उभा राहिला.